बनावट ग्राइंडर व बॅटरीची विक्री ताबडतोब थांबवण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय: आपल्या संकेतस्थळावरून आलेले १२५ मिमीचे दोन अँगल ग्राइंडर व १८ व्होल्टची एक बॅटरी बनावट असल्याची तक्रार

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेले दोन अँगल ग्राइंडर आणि १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची एक लिथियम बॅटरी, असा तिन्ही माल बनावट निघाला आहे. बिल, ऑर्डर क्रमांक व उघडलेल्या भागांचे फोटो सोबत जोडले आहेत. ग्राहक सेवा कक्षाकडून आजवर दोन उत्तरे आली. पहिले, 'वस्तू उघडली असल्याने परतावा मिळणार नाही'. दुसरे, 'विशेष बाब म्हणून पैसे परत करतो, तक्रार बंद करावी'. तक्रार बंद करायला आमची हरकत आहे. हाच माल त्याच पानावर आजही विकला जातोय, त्यामुळे आमचे पैसे परत आले तरी धोका जागच्या जागीच राहतो.

उघडल्यामुळे परतावा नाही, हा नियम बनावट मालाला फारच सोयीचा आहे. खोका, रंग, चकाकणारे स्टिकर सगळे जमवलेले होते. बाहेरून पाहताच खटकली ती एकच चूक: दोन्ही ग्राइंडरवर अनुक्रमांक एकच. बाकी मुख्य लबाडी बॉडीच्या आत आहे आणि स्क्रू काढल्याशिवाय ती दिसत नाही.

सर्वांत गंभीर दोष आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागात आहे. ग्राइंडरच्या लेबलवर चौकोनात चौकोन, म्हणजे दुहेरी इन्शुलेशनची (करंट अडवणाऱ्या दोन थरांची) खूण छापली आहे. त्या खुणेच्या भरवशावरच वायर दोन तारांची दिली जाते, अर्थिंग नसते. त्याच मॉडेलच्या अस्सल मशीनमध्ये आर्मेचरचा शाफ्ट आणि त्यावरच्या लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा यांच्यामध्ये प्लास्टिकचा थर असतो. वाइंडिंग (आर्मेचरवरचे तारांचे वेटोळे) जळून करंट गठ्ठ्यात उतरला तरी तो शाफ्टपर्यंत पोचत नाही. आपण पाठवलेल्या मशीनमध्ये गठ्ठा थेट शाफ्टवर ठोकून बसवला आहे. आर्मेचर बाहेर काढून मल्टिमीटरची एक टोचणी शाफ्टला आणि दुसरी गठ्ठ्याला लावली की लगेच बीप वाजतो. अस्सल आर्मेचरवर वाजत नाही. दोन मिनिटांची तपासणी आहे, आपल्या गोदामातही करता येईल.

याचा परिणाम असा. वाइंडिंगच्या तारांवरचे वार्निश, म्हणजे पहिला थर, एकदा जळले की शाफ्ट, गिअर आणि पुढचे ॲल्युमिनियमचे गिअरहेड, सगळ्यांत करंट येतो. कापताना कामगाराचा डावा हात त्या गिअरहेडवरच किंवा त्याला लागून असलेल्या हँडलवर असतो. अर्थिंग नसल्यामुळे फ्यूज उडत नाही. आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारी स्विच) बसवली असेल तर ती पडेल, पण ती पडते तेव्हा करंट माणसातूनच जमिनीत जायला लागलेला असतो. इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे विक्रेत्याचे 'आम्ही टेस्ट केलेय' हे उत्तर यायला नको. नवे असताना हे मशीन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्शुलेशन तपासणाऱ्या मीटरवर) व्यवस्थित पास होते. तोवर वार्निश शाबूत असते. गायब आहे तो दुसरा थर, आणि त्याची गरज पहिला थर गेल्यावरच लागते.

वार्निश जळायला वेळ लागणार नाही, याचीही सोय करून ठेवली आहे. वायरच्या आवरणावर २ × १.० चौ. मिमी छापले आहे. १ चौ. मिमीच्या लवचिक वायरीत ०.२ मिमी जाडीच्या ३२ तारा असतात, यात १८ निघाल्या. ब्लेडने खरवडले तर आत पांढरा धातू, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट धरला तर ही वायर ०.३५ चौ. मिमी तांब्याइतकीच काम करते. लोड आला की ती तापते, मशीनला व्होल्टेज कमी मिळते, चालवणारा आणखी दाब देतो आणि आर्मेचर जास्त करंट ओढते. फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बन ब्रशही साधे आहेत. अस्सल ब्रश झिजून ५-६ मिमी उरला की आतली पिन वर येऊन मशीन बंद पडते. इथे ब्रश संपेपर्यंत मशीन चालते, मग स्प्रिंग कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश टेकतो त्या आर्मेचरच्या तांब्याच्या भागावर, घासून ठिणग्यांचा लोट उठतो.

आता वेग. लेबलवर रिकाम्या चालीचा वेग मिनिटाला ११,००० फेरे आहे. टॅकोमीटरवर (फेरे मोजणाऱ्या यंत्रावर) एका मशीनचा १३,४०० आणि दुसऱ्याचा १३,१०० भरला. ग्राहकाला हे 'पॉवरफुल' वाटेल. कटिंग व्हीलवर मात्र ८० मीटर प्रति सेकंद ही कमाल मर्यादा छापलेली असते, आणि १२५ मिमीच्या व्हीलसाठी ती मिनिटाला सुमारे १२,२५० फेऱ्यांवर येते. ११,००० फेऱ्यांना व्हीलच्या कडेचा वेग सेकंदाला ७२ मीटर असतो. १३,४०० ला तो जवळजवळ ८८ होतो. व्हील फाडू पाहणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे लेबलवर सांगितलेल्यापेक्षा दीडपट ताण. म्हणून दुकानातून आणलेले चांगले, अस्सल व्हीलसुद्धा या मशीनवर सुरक्षित नाही. खोक्यात फुकट आलेल्या व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापराची अंतिम मुदतच नाही, ते आम्ही लावूनही पाहिले नाही. व्हील फुटले तर तुकडे अडवणारे गार्ड इतक्या पातळ पत्र्याचे आहे की अंगठ्याने दाबले तरी वाकते, आणि क्लॅम्प पूर्ण आवळूनही ते हाताने फिरते.

बॅटरीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ती बंद ठेवलेली असतानाही धोका आहे. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ५ अँपिअर-अवरसाठी अशा दोन रांगा, एकूण दहा सेल. यात दहा सेल आहेत, पण त्यांचे नवे प्लास्टिक वेष्टन सोलले तर खाली जुन्या स्पॉट वेल्डिंगचे उपटलेले डाग दिसतात. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी पॅकमधून, बहुधा लॅपटॉपच्या बॅटऱ्यांमधून काढलेला हा माल. पूर्ण चार्ज करून मोजला तर पॅक १.९ अँपिअर-अवरवर संपला. क्षमता कमी भरणे ही फसवणूक झाली. धोका त्याच्या पुढचा आहे. लॅपटॉपचा सेल सतत चार-पाच अँपिअर देण्यासाठी बनवलेला असतो. जड कामात बॅटरीवरचे हत्यार ३०-४० अँपिअर ओढते, म्हणजे प्रत्येक सेलवर १५ ते २० अँपिअर.

दोन रांगांतल्या समोरासमोरच्या सेलच्या पाच जोड्या होतात; त्यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी सर्किटकडे जाणाऱ्या मधल्या तारा यात नाहीतच. सर्किट फक्त दोन टोकांचे व्होल्टेज बघते आणि २१ व्होल्टला चार्जिंग थांबवते. पाचही जोड्या सारख्या असतील तर प्रत्येकी ४.२ येतात, ते ठीक. पण जुन्या, विषम सेलमध्ये चार जोड्या ४.१५ वर आणि पाचवी ४.४ वर असली तरी बेरीज २१ च होते! ती पाचवी जोडी दर चार्जिंगला मर्यादेबाहेर जाते, पुढे फुगते आणि पेट घेऊ शकते. अस्सल पॅकमध्ये तापमान वाढले की चार्जर थांबतो, कारण सेलला चिकटवलेला थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा भाग) त्याला खबर देतो. इथे थर्मिस्टरच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर सोल्डर केला आहे. थर्मिस्टरचा २५ अंशांना जो रोध असतो, नेमका तोच. पॅक धुमसत असला तरी चार्जरला तो कायम २५ अंशच सांगणार. हा निष्काळजीपणा वाटत नाही. चार्जर कशाने फसतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तो विचारपूर्वक बसवलेला आहे.

हा माल आला कुठून, याचे उत्तर आपणच देऊ शकता. पानावर विक्रेत्याचे एक नाव, बिलावर दुसरे. एकाच पानाखाली अनेक विक्रेते आहेत, आणि सगळ्यांचा माल गोदामात एकत्र ठेवला जात असेल तर प्रामाणिक विक्रेत्याकडे ऑर्डर देऊनही बनावट नग हाती येऊ शकतो. त्या पानावरच्या पंचतारांकित अभिप्रायांपैकी काही तर मोबाइलच्या कव्हराची तारीफ करतात. दुसऱ्या वस्तूचे जुने पान बदलून त्यावर ग्राइंडर चढवला, एवढे त्यावरून उघड आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. दोन्ही वस्तूंची पाने आजच विक्रीतून काढावीत आणि त्या विक्रेत्यांचा गोदामातला साठा वेगळा काढून सील करावा. परत आलेले नग पुन्हा शेल्फवर जाऊ नयेत. ते मूळ उत्पादक कंपनीकडून तपासून घ्यावेत आणि बनावट निघाले तर आर्मेचर कापून नष्ट करावेत, नाहीतर तेच नग दुसऱ्या नावाने परत येतील. ज्यांनी ज्यांनी हा माल घेतला त्यांची यादी आपल्याकडे आहे. त्यांना 'वापर थांबवा, बॅटरी चार्ज करू नका' असा स्पष्ट संदेश पाठवावा. 'गुणवत्तेविषयी सूचना' अशा गुळमुळीत शीर्षकाचा ईमेल कुणी उघडत नाही. विक्रेत्याने आपल्या संकेतस्थळावर नोंदणी करताना कोणती कागदपत्रे दिली, आयईसी ६२८४१ (विजेच्या हत्यारांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक) नुसारचा चाचणी अहवाल आणि बॅटरीचा यूएन ३८.३ (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीसाठीची सुरक्षा चाचणी) अहवाल आपण मागितला होता का, हे लेखी कळवावे. यापुढे विजेवर व बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांसाठी प्रत्येक विक्रेत्याचा साठा वेगळा ठेवावा आणि नगाचा अनुक्रमांक बिलावर छापावा. एवढे केले असते तर एकाच क्रमांकाचे दोन ग्राइंडर आपल्याच संगणकाने पकडले असते.

शेवटी परताव्याबाबत. 'वस्तू मूळ खोक्यात घालून कुरिअरला द्या' अशी सूचना आपल्या ॲपवर येते. ग्राइंडर तसे पाठवता येतील. बॅटरी पाठवता येणार नाही. सदोष लिथियम बॅटरी साध्या पार्सलमधून पाठवणे धोक्याचे आहे आणि वाहतुकीच्या नियमांतही बसत नाही. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूच्या लोखंडी डब्यात, इमारतीबाहेर ठेवली आहे. ती नेण्यासाठी धोकादायक माल हाताळणारा वाहतूकदार आपण आपल्या खर्चाने पाठवावा, तारीख आधी कळवावी आणि पोच द्यावी. आर्मेचर, वायरीचा तुकडा व बॅटरीचे सर्किट पुरावा म्हणून आमच्याकडे राहतील. मूळ उत्पादकाच्या प्रतिनिधीला ते केव्हाही पाहता येतील.

कळावे,

आपले ग्राहक,
यंत्र देखभाल व दुरुस्ती विभाग