लांब पल्ल्याच्या टॉर्चमध्ये एलईडी परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: '१००० मीटर' पल्ल्याच्या ६ टॉर्चच्या नव्या खेपेत वेगळा एलईडी निघाल्याबाबत, बदली किंवा पूर्ण परतावा मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

आमच्या गिर्यारोहण संस्थेच्या बचाव गटासाठी आपल्याकडून ६ टॉर्च मागवले. बिलाची प्रत सोबत आहे. याच मॉडेलचे आधीच्या खेपेतले २ टॉर्च आमच्याकडे आहेत आणि त्यांच्याबद्दल काहीही तक्रार नाही. नव्या खेपेचा खोका, मॉडेल क्रमांक, छापलेले आकडे सगळे तेच आहेत. आतला एलईडी मात्र वेगळा आहे.

खोक्यावर २,५०,००० कँडेला (झोताची प्रखरता) आणि १००० मीटर, टॉर्चसाठीच्या एफएल१ मानकानुसार, असे छापले आहे. या मानकात पल्ला म्हणजे झोताचा प्रकाश ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उतरतो ते अंतर, म्हणजे कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट. त्यामुळे आकडा पडताळणे सोपे आहे. आम्ही पूर्ण चार्ज केलेला सेल घातला, टॉर्च सर्वांत वरच्या मोडवर लावला, ३० सेकंद जाऊ दिले आणि १० मीटरवर लक्समीटरचा डोळा झोतात हलवत सर्वाधिक वाचन घेतले. त्याला १०० ने गुणले की कँडेला मिळतात. (मोजमाप १ मीटरवर करू नये. इतक्या जवळ रिफ्लेक्टरच्या सगळ्या भागांचा प्रकाश एकत्र आलेला नसतो, आकडा चुकतो.) जुन्या टॉर्चचे वाचन २,४८० लक्स, म्हणजे २,४८,००० कँडेला आणि ९९६ मीटर. नव्या सहांची वाचने ५९० ते ६४० लक्स. त्यातला सर्वांत चांगला टॉर्च धरला तरी ६४,००० कँडेला आणि ५०६ मीटर.

०.२५ लक्स हा जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. दरीपलीकडच्या कड्यावर माणूस ओळखू यायचा तर छापील पल्ल्याच्या निम्म्या अंतराच्या आतच काम धरावे लागते. ५०० मीटरचा टॉर्च हातात आला की हे अंतर २००-२५० मीटरवर येते. रात्रीच्या शोधात हा फरक आम्हाला परवडणारा नाही.

आपल्या सेवा केंद्राने ईमेलवर कळवले की नव्या एलईडीचे ल्युमेन्स (एकूण बाहेर पडणारा प्रकाश) जुन्यापेक्षा जास्त आहेत, त्यामुळे तो 'सुधारित' आहे. ल्युमेन्स जास्त आहेत हे खरे, पण पल्ला ल्युमेन्सवर ठरत नाही. तो ठरतो एलईडीच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मिलिमीटरमागच्या प्रखरतेवर आणि रिफ्लेक्टरच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर. आपल्या रिफ्लेक्टरचे तोंड ४६ मिमी आहे. मधले ८ मिमीचे भोक वजा करता सुमारे १,६०० चौरस मिमी उरतात. जुन्या टॉर्चमध्ये ऑसरॅम कंपनीचा २ चौरस मिमीचा, डोम (वरचा पारदर्शक घुमट) नसलेला सपाट एलईडी आहे. तो जोरात चालवला की दर चौरस मिमीला २०० कँडेलाच्या आसपास देतो. रिफ्लेक्टर आणि काच यांतली घट धरून ०.८ ने गुणले की अडीच लाख येतात, म्हणजे आपला जुना आकडा रास्त होता. नव्या टॉर्चमध्ये क्री कंपनीच्या एक्सएचपी५० धाटणीचा चार चिपांचा, डोम असलेला एलईडी आहे. त्याचा डोम भिंगासारखा वागतो: प्रकाश जास्त बाहेर पडतो, पण चिप आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि तोच प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरतो. आमच्या वाचनांवरून उलटे गणित केले तर दर चौरस मिमीला ५० कँडेलाच निघतात. छावणीत किंवा गुहेत जवळचा परिसर उजळायला हा एलईडी उत्तम आहे. लांब पल्ल्याच्या टॉर्चमध्ये त्याचे काम नाही.

बदल ओळखायला टॉर्च उघडावाही लागत नाही. बंद टॉर्चच्या काचेतून पाहिले तर जुन्यात छोटा सपाट पिवळा चौकोन दिसतो. नव्यात घुमट आणि त्याखाली चार चिपांमधली फुलीसारखी रेघ. तरीही खात्रीसाठी एक टॉर्च उघडला. रिफ्लेक्टर आणि एलईडी यांच्यामधली पांढरी प्लास्टिकची चकती जुन्या, लहान एलईडीच्या मापाचीच होती. तिचे भोक ब्लेडने कोरून मोठे केलेले, कडांना कुसळे निघालेली, आणि एलईडी केंद्रापासून अर्धा मिमी सरकलेला. शिवाय चिपांची उंची वेगळी असूनही चकतीची जाडी तीच ठेवली आहे. एवढ्या रिफ्लेक्टरला ०.२ मिमीचा फरकही जाणवतो. म्हणूनच सहाही टॉर्चच्या झोताच्या मधोमध काळपट डाग आहे, आणि उघडलेल्या टॉर्चचा झोत तर एका बाजूला शेपटीसारखा ओघळतो. याला आम्ही सरळ निष्काळजीपणा म्हणतो.

डोम कापणे आणि करंट वाढवणे हे आपण सुचवलेले दोन्ही उपाय आम्हाला मान्य नाहीत. डोम कापून काढला की प्रखरता वाढते, पण उजेडाचा रंग बिघडतो आणि बऱ्याचदा चिपवरचा फॉस्फरचा पिवळा थर सोबत उपटून येतो. करंट वाढवून तर मुळीच साधणार नाही: पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात, आणि करंट दुप्पट केला तरी उजेड दुप्पट होत नाही, उष्णता तेवढी वाढते.

केवळ जुना एलईडी पाठवूनही भागणार नाही, हे आपल्या तंत्रज्ञांना कृपया कळवावे. नव्या एलईडीच्या टोकांवर आम्हाला ६ व्होल्ट मिळाले, म्हणजे आत व्होल्टेज चढवणारा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे सर्किट) आहे. जुना एलईडी ३ व्होल्टचा. तो या ड्रायव्हरला जोडताक्षणी जळेल. एलईडी ज्यावर बसवतात ती नवी पट्टी ५ मिमी एलईडीच्या मापाची आहे, त्यावर ३ मिमीचा बसत नाही. तेव्हा ड्रायव्हर, तांब्याची पट्टी (एलईडीखालचा उष्णता बाहेर नेणारा थर्मल पॅड थेट तांब्यावर टेकलेला), एलईडी आणि मापाची चकती असे पूर्ण डोके बदलावे लागेल. जाता जाता: नव्या टॉर्चच्या काचेवर जुन्यासारखी जांभळट झाक नाही, म्हणजे अँटी-रिफ्लेक्टिव्ह लेपही गेला आहे. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्के प्रकाश परत फिरतो. बदली डोक्यात लेपाची काच हवी.

आमची मागणी अशी: सहाही टॉर्च मूळ जोडणीचे करून द्यावेत, येण्याजाण्याचा खर्च आपण सोसावा, आणि पाठवण्याआधी प्रत्येकाचे १० मीटरवरचे वाचन लेखी द्यावे. २,३०० लक्सच्या खालचा टॉर्च आम्ही स्वीकारणार नाही. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. तपासणीसाठी उघडलेला टॉर्च त्यातून वगळू नये. त्याचे सगळे भाग जपून ठेवले आहेत. तसेच एलईडीचा कोड खोक्यावर छापावा, आणि या खेपेवरचा १००० मीटरचा दावा संकेतस्थळावरून तातडीने काढावा. आमच्यासारखेच इतर बचाव गटही हाच आकडा पाहून खरेदी करतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल आमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

कळावे,
साहित्य प्रमुख, बचाव गट

सोबत: बिलाची प्रत, आठही टॉर्चची वाचने, दोन्ही खेपांच्या एलईडींची छायाचित्रे, कोरलेल्या चकतीचे छायाचित्र, सेवा केंद्राचे ईमेल.