झडतीत गेलेली बारा मिनिटं : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि बोर्डाच्या परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो. कॉप्या मीही पकडल्यात, आणि पकडल्याच पाहिजेत. त्यासाठी १९८२ चा कायदा आहे, भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, आता कॅमेरेही आले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हे पत्र ज्यांच्या खिशात काहीच नसतं त्या पोरांसाठी आहे.

माझा एक विद्यार्थी. घरी तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. गणित सोडवताना त्याचे ओठ हलायचे, कारण पाढे तो तेलुगूत म्हणायचा. आमच्या भागात अशी निम्मी पोरं आहेत, मला त्यात काही वाटायचं नाही. दहावीला त्याचं केंद्र दुसऱ्या शाळेत आलं. बीजगणिताच्या पेपरला पथक आलं आणि त्यातल्या एकाला वाटलं, हा मागच्याला उत्तरं सांगतोय. उभं केलं. खिसे, मोजे, कंपासपेटी, पॅडची मागची बाजू, सगळं बघून झालं. काही निघालं नाही. "बस, लिही," म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले. दोन तासांच्या, चाळीस गुणांच्या पेपरातली बारा मिनिटं गेली. नंतर हात थरथरत होता ती मिनिटं वेगळीच.

भूमितीच्या पेपरला तो दातांत रुमाल धरून बसला. गेटवर भेटला तेव्हा रुमाल लाळेनं भिजलेला. म्हणाला, "सर, आता कोण काय म्हणणार नाही." शाबासकी द्यावी की काय करावं, मला कळेना.

तेव्हापासून मी वर्गात कॉपीपेक्षा हेच बघायला लागलो. आठवायचं असेल तर पोरं पंख्याकडे बघतात. बाकाकडे बघितलं तर मांडीवर काही आहे असं वाटायचं. पेन पडलं तर आधी हात वर करतात, परवानगी मिळाल्यावर वाकतात. बाह्या आपणहून दुमडून ठेवतात. एका मुलीनं बहिणीच्या लग्नात मेंदी लावून घेतली नाही, का तर तळहातावर काही लिहिलंय का म्हणून कुणी हात धरेल. सोलापूरच्या मार्चमध्ये, पत्र्याखालच्या वर्गात, पोरं पाणी पीत नाहीत. बाथरूमला जाऊन आलेल्याकडे सगळे कसे बघतात ते त्यांना माहीत असतं. पेपर सुटल्यावरही सुटका नाही. सोपा गेला म्हटलं की "कुणी सांगितलं का बे?" असं विचारतात, म्हणून हुशार पोरगंही "बरा गेला" एवढंच म्हणतं.

आणि मुरलेला कॉपीबहाद्दर? तो सुपरवायझरच्या डोळ्यांत डोळे घालून "सर, पुरवणी" म्हणतो. भित्र्या चेहऱ्यावरून चोर ओळखायला गेलं की माणूस हमखास चुकतो. माझाही अंदाज कितीदा चुकलाय.

हे आमच्याकडचंच खूळ असेल असं मला वाटायचं. पण कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डॅनियल आणि शेरिल अल्बास यांनी १९९३ साली हाच विषय मांडलाय : आपल्याला कुणी कॉपी करणारा समजू नये म्हणून विद्यार्थी काय काय करतात. नजर कुठे ठेवायची, नियम गरजेपेक्षा काटेकोर कसे पाळायचे, देहधर्मसुद्धा कसे दाबायचे. वाचताना मला आमच्या भागातल्या अशोक चौकातली पोरंच दिसली.

साहेब, दहा मिनिटांची किंमत शासनाला माहीत आहे. पेपर फुटतात म्हणून दहा मिनिटं आधी प्रश्नपत्रिका द्यायची पद्धत २०२३ पासून बंद झाली, तेव्हा मुलांचं नुकसान नको म्हणून बोर्डानं शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. अकराचा तीन तासांचा पेपर म्हणूनच दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. मग ज्याची झडती झाली आणि ज्याच्याकडे काही सापडलं नाही, त्याची मिनिटं कुणाच्या खात्यात जातात? मी काम केलं त्या केंद्रांवर ती कुणाला परत मिळालेली मी पाहिली नाहीत.

माझी मागणी फार मोठी नाही. झडती घेतली, काही मिळालं नाही, इतका वेळ गेला, एवढी ओळ पर्यवेक्षकानं लिहावी. खाली पथकप्रमुखानं सही करावी. तितकी मिनिटं त्या मुलाला शेवटी मिळावीत. सही करायची आहे म्हटलं की घड्याळाकडे लक्ष राहतं, हा माझा शिक्षकी अनुभव. आणि शक्य झालं तर पथकातल्या लोकांना एवढं सांगा की सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत पोरं मनातल्या मनात हिशेब करतात, आणि कधीकधी तो ओठांवर येतो.

पुढचं परिपत्रक काढण्याआधी हे बघावं. फेब्रुवारी यायला फार दिवस लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर