फोटोखाली गावाचं नाव तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणीत माझं रद्दीचं दुकान आहे. तुमचा अंक सकाळी लोकांच्या घरी पडतो आणि दोन-चार महिन्यांनी सुतळीत बांधून माझ्याकडं येतो. त्यामुळं तुमचा सगळ्यात नेमाचा वाचक मीच, फक्त जरा उशिराचा. वजन करायच्या आधी गठ्ठा चाळायचा आणि आपल्या भागातला फोटो दिसला की कापून ठेवायचा, ही सवय वडिलांपासूनची. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बाया, बेंदराची रंगवलेली शिंगं, कुस्तीचा फड, टपावर माणसं बसलेली एस.टी. आणि वळवाचे फोटो. तक्रार आहे ती या शेवटच्या फोटोंबद्दल.

एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापतं, मावळतीकडनं काळं भरून येतं आणि अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं होतं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर फोटो येतो. पत्रे उडालेली शाळा, मोडलेला विजेचा खांब, नाहीतर आडवी झालेली केळी. खाली ओळ : ‘वळिवाचा तडाखा’. कुठल्या गावाला, कुणाच्या घराला, कधी? बऱ्याचदा काहीच नसतं. त्याच पानावर पुढारी पाहणी करताना दिसले, तर डावीकडून पाचव्या कार्यकर्त्याचंसुद्धा आडनावासकट नाव असतं.

माझ्याकडं एक कात्रण आहे. आढ्यावर एक माणूस दोन्हीकडं पाय टाकून बसलाय. शिडीवर एक पोरगा, आणि अंगणापासून शिडीपर्यंत बायांची रांग. हातोहात कौलं वर चाललीत. एकीनं काखेत मूल धरलंय आणि मोकळ्या हातानं कौल पुढं केलंय. कौलं जुनीच, वेचून आणलेली, कडा फुटलेल्या. मागच्या भिंतीवर चुन्यानं लिहिलेल्या निवडणुकीच्या प्रचाराची अर्धी ओळ, उरलेली अर्धी भिंतीबरोबर पडली असणार. पडझडीचे फोटो माझ्याकडं ढीगभर आहेत, पण घर पुन्हा उभं करतानाचा चांगला फोटो हा एवढाच. खाली छापलंय, ‘दुरुस्तीचे काम सुरू’. बस्स. तारीख वडिलांच्या कात्रीत गेली. पाठीमागं गुळाच्या सौद्याचे दर आणि एका टूरिंग टॉकीजची जाहिरात आहे, त्यावरून साल काढायचा खटाटोप चाललाय. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी तो दाखवतो. एक म्हणतो, हे आमचं खडकलाट. दुसरा म्हणतो, छे, असलं जोतं फक्त बेनाडीत. दोघांचं जुंपलं की मी पुन्हा तराजूकडं वळतो.

हे सांगायला कारण माझा भाचा. तो मोबाईलवर अमेरिकेतल्या वादळांचे जुने छापील फोटो बघत बसतो. त्यांचा टोर्नेडो म्हणजे आपला वळीव नव्हे. आपल्याकडं ढगातनं खाली कोसळलेला गार वारा सपाट्यानं पसरतो, तिकडं वाराच गरगरत ढगापासून जमिनीला टेकतो. 20 जून 1957 ला असा एक टोर्नेडो नॉर्थ डाकोटातल्या फार्गो शहरावर आला. तिथल्या दैनिकानं मोजक्या माणसांवर पाच तासांत वादळाचा अंक काढला आणि त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर, म्हणजे तिकडचं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं. ओहायोतल्या झेनियाचं 3 एप्रिल 1974 ला असंच वाटोळं झालं, तिथल्या लहानशा दैनिकालाही 1975 चं पुलित्झर मिळालं. तुम्हा पत्रकारांना हे ठाऊक असणारच. मला जास्त पटली ती फार्गोची पुढची गोष्ट. शिकागो विद्यापीठातले फुजिता नावाचे जपानी संशोधक तिथं गेले आणि लोकांनी काढलेले फोटो त्यांनी गोळा केले. कुठला फोटो कुठं उभं राहून आणि किती वाजता काढला, हे जुळवून त्यांनी तो ढग कसकसा सरकत गेला ते मांडलं. पडझड बघून टोर्नेडोची ताकद ठरवायची एफ-मोजपट्टी 1971 मध्ये आली, ती याच फुजितांची. जागा आणि वेळ कळली नसती, तर ते फोटो त्यांच्या काय कामाचे होते?

आपल्याकडं 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. तो फोटो सगळ्यांनी छापला, माझ्याकडं तो किलोनं आहे. पाणी उतरल्यावर काय? पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारनं 5 लाख जाहीर केले. हप्त्यासाठी पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांचे फोटो काढून नेले. म्हणजे घर उभं राहतानाचे फोटो सरकारी कॉम्प्युटरात आहेत, पेपरात नाहीत. (त्याचे कागद कन्नडमध्ये आणि ते वाचून घ्यायला कुणाच्या तरी पोराला गाठायचं, हा विषय वेगळा.) पेपरात मात्र दर पावसाळ्यात जत्राट-भिवशी, नाहीतर सिदनाळ-अक्कोळ पूल पाण्याखाली. तोच कोन, तेच पाणी. काठावरच्या पोरांच्या शर्टांची फॅशन तेवढी बदलते.

माझं म्हणणं एवढंच की, फोटोखाली गाव, तारीख आणि फोटोतल्या माणसांची नावं छापा. पडलेल्या घराचा फोटो काढणाऱ्यालाच दिवाळीनंतर त्या दारात पुन्हा पाठवा. घर झालं असेल तर झालेलं दिसेल, ताडपत्रीच असेल तर ताडपत्री दिसेल, आणि ती जास्त मोठी बातमी. गावोगावच्या वार्ताहरांना मानधन किती मिळतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या नावानं मी ओरडत नाही. पेट्रोलचे पैसे तुम्ही द्या.

आता गठ्ठेही कमी येऊ लागलेत. लोक पेपर मोबाईलवर वाचतात, आणि मोबाईलवरचा फोटो माझ्या तराजूत काही येत नाही. माझी सगळी कात्रणं मी तुम्हाला फुकट देतो. रविवारच्या पुरवणीत ‘हे कुठलं गाव?’ म्हणून आठवड्याला एक छापा, आढ्यावरच्या माणसाचा आधी. ते काखेतलं पोर आज पन्नाशीला टेकलं असेल आणि कदाचित तुमचाच पेपर वाचत असेल. गुरुवारी बाजारामुळं मला सवड नसते, बाकी कुठल्याही दिवशी माणूस पाठवा.

आपला,
एक रद्दीवाला, निपाणी