मोजमापाला न दिसणारी जागा

पुणे
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. वस्तू अदृश्य करण्याचं गणित फोनवर सांगण्यासारखं नाही, कागद लागतो. म्हणून हे पत्र.

सुरुवात तुझ्याच कामापासून करतो. बोअरची जागा ठरवायला तू चार इलेक्ट्रोड रोवतोस, बाहेरच्या दोघांतून करंट सोडतोस, आतल्या दोघांमधलं व्होल्टेज मोजतोस आणि खाली काय असेल ते ताडतोस. अर्जेंटिनाचा गणिती आल्बेर्तो काल्देरोन तरुणपणी तिथल्या सरकारी तेल कंपनीत इंजिनिअर होता. त्याला नेमका हाच प्रश्न पडला: पृष्ठभागावरची झाडून सगळी मोजमापं हातात असली, तर आतली वाहकता, म्हणजे कुठे वीज किती सहज वाहते ते, एकच एक ठरते का? त्याने तो १९८० मध्ये छापला. १९८७ मध्ये जॉन सिल्व्हेस्टर आणि गुंथर उलमन यांनी तीन मितींसाठी उत्तर दिलं: हो, ठरते. अट अशी की ती सलग, गुळगुळीत बदलायला हवी आणि प्रत्येक बिंदूपाशी सगळ्या दिशांना सारखी हवी.

दुसरी अट आपल्या बेसॉल्टला कुठली लागू पडायला! लाव्हाचे थर, मधे तांबड्या बोलचे, म्हणजे दोन थरांमधल्या लाल मातीचे, पट्टे. थरांना धरून वीज सहज जाते, थर ओलांडताना अडते. अशा वाहकतेबाबत लुक टार्टार यांनी दाखवलं की आतले बिंदू हवे तसे ताणा, सीमेवरचे तेवढे जागच्या जागी ठेवा आणि वाहकता त्या ताणाच्या हिशेबाने बदला. सीमेवरचं एकही मोजमाप बदलत नाही. सहनिर्देशक बदलणं आणि पदार्थ बदलणं, समीकरणाला दोन्ही एकच. या विषयातलं मला सगळ्यात सुंदर वाटतं ते हे.

२००३ मध्ये ग्रीनलीफ, लासास आणि उलमन यांनी हा ताण टोकाला नेला. दोन त्रिज्येचा गोल घे. केंद्रापासूनचं जुनं अंतर अ, नवं न; न = १ + अ/२. अ दोन असताना न दोनच, सीमा हलली नाही. अ शून्याकडे नेलास की न एककडे जातो, म्हणजे केंद्रबिंदू फुगून एक त्रिज्येची पोकळी झाली. कापडात जाड सुई सरकवली की धागे न तुटता बाजूला होतात, तसं. आता मूळ वाहकता १ धरून हिशेब कर: पृष्ठाला समांतर दिशांत ती सगळीकडे २ येते, त्रिज्येच्या दिशेने २(न−१)²/न². बाहेरच्या सीमेवर अर्धा, न = १.५ ला ०.२२, १.१ ला ०.०१७, आणि पोकळीच्या कडेला शून्य. वीज आत शिरतच नाही, वळसा घालून जाते. पोकळीत काहीही ठेव, बाहेरच्या मोजमापांना तिथे साधा, एकसारखा गोलच दिसतो.

वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांची मॅक्सवेलची समीकरणंही अशीच ताण सोसतात. २००६ मध्ये पेंड्री, शुरिग आणि स्मिथ यांनी परमिटिव्हिटी आणि परमिएबिलिटी (पदार्थ विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांना कसा प्रतिसाद देतो ते सांगणाऱ्या राशी) दोन्हींना हेच सूत्र लावलं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात तांब्याच्या छोट्या कड्यांचं आवरण करून मायक्रोवेव्हपासून एक तांब्याचं सिलिंडर बऱ्याच अंशी लपवलं गेलं. पूर्णपणे नाही, कारण कडेचं ते शून्य महाग पडतं. वळसा घेणाऱ्या लहरीचा कला-वेग (तिचे चढउतार पुढे सरकण्याचा वेग) तिथे प्रकाशापेक्षा जास्त लागतो, आणि ते वारंवारतेच्या अगदी अरुंद पट्ट्यातच जमतं. सगळ्या रंगांना एकदम चकवणारं आवरण होईल, यावर माझा तरी विश्वास नाही. गणिती रॉबर्ट कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ मधला मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो: बिंदूऐवजी छोटा गोळा फुगवायचा. त्रिज्या एकदशांश असली तर बाहेर उमटणारी खूण साधारण हजारांशाच्या पातळीवर राहते.

आता तुझ्या फायद्याचं. आडव्या थरांत फक्त खोली ताणली आणि वाहकता त्या हिशेबाने बदलली, तरी वरची रीडिंग तीच येतात. थर ओलांडतानाची रेझिस्टिव्हिटी (वाहकतेच्या उलट, विजेला होणारा अडथळा) थरांना धरून असलेल्या रेझिस्टिव्हिटीच्या चौपट असेल, तर सगळ्या दिशा सारख्या धरणारं सॉफ्टवेअर खोली दुप्पट दाखवेल. पाणी चाळीस मीटरवर, रिपोर्टमध्ये ऐंशी! ज्या बोअरचे लॉग (खोदताना कुठल्या खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदी) तुझ्याकडे आहेत, तिथली रीडिंग पाठव. लॉगमधली खोली आणि रिपोर्टमधली खोली यांचं गुणोत्तर प्रत्येक गावाला काय येतं ते मी काढून बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन