कृपादानांविषयी रविवारची सभा

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

येत्या रविवारी सकाळच्या उपासनेनंतर लगेच मंडळीच्या सभागृहात सर्व सभासदांची सभा होईल. आपापले कृपादान, म्हणजे देवाने कृपेने दिलेले सेवेचे सामर्थ्य, मंडळीच्या उन्नतीसाठी कोठे उपयोगी पडेल, हे पाळकसाहेब व वडीलजन यांच्यासह तेथे ठरवायचे आहे. येण्यापूर्वी करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 12 ते 14, आणि रोमकरांस पत्र 12:3-8 घरी वाचावे.

रोमकरांस पत्रात शिक्षण व बोध यांच्या शेजारीच सेवा, दान आणि दया यांचा उल्लेख आहे. म्हणून आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या किंवा शोक झालेल्या घरी जेवणाचा डबा पोहोचवणाऱ्या बंधुभगिनींनी आपल्याला कोणतेच कृपादान मिळालेले नाही असे समजून मागे राहू नये, ही कळकळीची विनंती आहे.

प्रार्थनेच्या वेळी प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात घालून दिलेली शिस्त पाळली जाईल:

- अन्य भाषेत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषेत) दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे. अर्थ सांगणारा नसल्यास सभेत शांत राहावे.
- देवाकडून मिळालेला संदेश देणाऱ्यांचे बोलणे इतरांनी पारखावे.

आपण कोणती सेवा करू इच्छिता, ते चिठ्ठीवर लिहून शनिवारपर्यंत सेक्रेटरींकडे द्यावे. लिहिणे जमत नसल्यास तोंडी सांगितले तरी चालेल.