आखातात नोकरीला जाणाऱ्या सभासदांसाठी सूचना

कळंबोली-तळोजा भागातल्या वेल्डर, फिटर सभासदांनी पैसे देण्याआधी हे वाचावे.

एजंटचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासा; ऑफिसात लावलेल्या फ्रेमवर विसंबू नका. एजंटची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावती घ्याच. पावती नसली की पुढे तक्रार टिकवणे फार अवघड जाते.

पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शिक्का असेल तर सौदी, कुवेत, कतार, यूएई अशा १८ देशांत नोकरीसाठी इमिग्रेशन क्लिअरन्स (सरकारची परवानगी) लागतो. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ" असे कोणी म्हटले तर सरळ नकार द्या. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. पगार बुडाला तरी दाखवायला करार नसतो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचे १० लाखांचे संरक्षणही नसते. दहावी पास असाल तर ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दहावी पासचे प्रमाणपत्र दाखवून रीइश्यू करा, शिक्का निघतो.

करारातला पगार, पद, ओव्हरटाइम व्हिसाशी जुळवून पाहा. प्रती घरी ठेवा. मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला तर भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' (MADAD) पोर्टलवर तक्रार करा. भारतातून मोफत हेल्पलाइन: १८०० ११ ३०९०.