अर्थमंत्री मॅडम, टोटल लॉस गाडीचा भाव दुसऱ्यांदा का ठरवायचा?

मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली यांना,

मॅडम, नमस्कार.

पारोळ्याहून लिहितोय. हायवेला लागून माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, जळगाव ते धुळे या पट्ट्यात ठोकलेल्या गाड्या क्रेनवर येतात त्यातल्या काही माझ्याकडे उतरतात. अपघात का होतात त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल (ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं साधा लाल रिफ्लेक्टर नसतो, रात्री अंगावर आल्यावरच दिसते), आणि ते खातं गडकरी साहेबांचं. तुमच्याकडे विमा येतो. विमा कंपन्यांवर देखरेख करणारी इर्डा हैदराबादला बसते पण आहे तुमच्याच मंत्रालयाखाली, म्हणून हे तुम्हाला.

मुद्दा एकच आहे. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, छापलेली असते. नवीन गाडीच्या किंमतीतून वयाप्रमाणे घसारा कापून ती काढतात, सहा महिन्याच्या आत ५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, पाचव्या वर्षात ५०, आणि पाच वर्षांच्या पुढं कंपनी आणि मालक दोघांनी मिळून ठरवायची. त्याच आकड्यावर प्रीमियम घेतात, वर १८ टक्के जीएसटी (सप्टेंबर २०२५ मध्ये हेल्थ आणि लाइफचा काढलात, चांगलं केलंत, मोटरचा तसाच आहे). आणि नियम असा आहे की गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे रिपेअर परवडणार नाही इतकी गेली, तर वर्षभर हीच आयडीव्ही गाडीची किंमत धरायची, मधे आणखी घसारा कापायचा नाही. म्हणजे सौदा आधीच झालेला आहे, पैसे पण घेऊन झालेत. तरी गाडी गेल्यावर पहिला फोन येतो तो असा, "साहेब तुमच्या गाडीची आज मार्केट व्हॅल्यू तीन-सव्वातीनच्या वर नाहीये." अहो मग प्रीमियम घेताना कुठं गेली होती ती मार्केट व्हॅल्यू?

एक फाइल सांगतो, मालकाला विचारून सांगतोय, कंपनीचं नाव घेत नाही कारण माझ्या अनुभवात सगळ्यांची रीत थोड्याफार फरकानं हीच आहे. सहा वर्षांची हॅचबॅक, आयडीव्ही ४ लाख २० हजार. एरंडोलच्या अलीकडे रात्री ट्रॉलीच्या खाली घुसली, माणसं वाचली हे नशीब. छप्पर धरणारा पुढचा डावा पिलर दबलेला, छप्पर गोळा झालेलं, चेसिसची पुढची पट्टी वाकलेली, दोन्ही एअरबॅग उघडलेल्या. मी इस्टिमेट काढलं ३ लाख ४० हजार. नियमानं रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, इथं ती रेघ ३ लाख १५ हजारावर येते. कंपनीकडून नुकसान मोजणारा सर्व्हेअर आला, माझ्या इस्टिमेटवर लाल पेन फिरवला, पिलर "बदलू नका रिपेअर करा", छप्पर "डेंटिंगमध्ये बसवा", झालं, ३ लाख ५ हजार. रेघेच्या दहा हजार खाली! आता मी वीस वर्ष पत्रा ठोकतोय, तो पिलर ठोकून सरळ दिसेल पण पुढच्या ठोकरीत कागदासारखा दुमडेल, त्यात पोरंबाळं बसतात.

आणि रेघेच्या खाली गेलं की मालकाचं काय होतं ते बघा. रिपेअर क्लेममध्ये प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टवर ५० टक्के कापतात, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या पार्टवर ४० टक्के. झिरो डेप (जादा पैसे भरून घसारा माफ करून घ्यायचं कव्हर) घेतलेलं नसेल, आणि जुन्या गाडीला बहुतेक नसतंच, तर लाखभर रुपये मालकाच्या खिशातून. टोटल लॉसमध्ये यातलं काहीच कापत नाहीत, फक्त मालकानं सोसायचे कंपल्सरी एक हजार (१५०० सीसीच्या वर दोन हजार). म्हणून सगळी खेचाखेच त्या ७५ च्या रेघेवर चालते. त्यात हे ७५ टक्के घसारा कापायच्या आधीच्या खर्चावर मोजायचे की नंतरच्या, यावर पण प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो. तुमच्या इर्डानं एक ओळ लिहून हे मिटवलं तर निम्मे वाद जागेवर संपतील, सर्व्हेअरला पण सोपं होईल, त्याची फी कंपनी देते त्यामुळं त्याची पण अडचण मी समजू शकतो.

या मालकानं दम धरला, लेखी कळवलं की पिलर आणि चेसिसबद्दल दुसरा सर्व्हेअर पाठवा. मी फोटो आणि कंपनीच्या वर्कशॉपचं दुसरं इस्टिमेट जोडून दिलं. शेवटी टोटल लॉस मानलं. वाटलं सुटलो. तर आता सॅल्व्हेजचा, म्हणजे मोडक्या गाडीच्या भंगाराच्या किंमतीचा, खेळ चालू.

कंपनी म्हणते, आम्ही गाडी ऑनलाइन लिलावाला टाकली, १ लाख ६५ हजाराची बोली आलीय, ते वजा करून तुम्हाला २ लाख ५४ हजार देतो, गाडी तुमच्याकडे ठेवा आणि तुम्हीच त्या बोलीवाल्याला द्या. ऐकायला बरोबर वाटतं, २ लाख ५४ अधिक १ लाख ६५ म्हणजे ४ लाख १९, आयडीव्हीतून तो कंपल्सरी हजार तेवढा गेला. पण तो बोलीवाला कुठल्या कुठं परराज्यात बसलेला, बोलीची मुदत संपली की फोन उचलत नाही. जळगावचा भंगारवाला येऊन बघून गेला, ९५ हजार म्हणाला, एक रुपया वर नाही. सरळ ७० हजाराचा खड्डा. मालक माझ्यासमोर खुर्चीत बसून कॅल्क्युलेटर परत परत दाबत होता, मला म्हणे, "इतलाच पैसा भेटतीन का भाऊ?" मी म्हटलं सही करू नको. कंपनीला एवढंच लिहून दे की तुमची बोली खरी आहे ना, मग गाडी तुम्हीच उचला, त्याला तुम्हीच विका आणि मला ४ लाख १९ द्या. मॅडम तुम्हीच सांगा यात चुकीचं काय आहे?

तुमच्या इथले लोक म्हणतील तक्रारीची सोय आहे की. आहे, मी नाही म्हणत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं, इर्डाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, महिनाभर उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी आता व्हिडिओवर पण होते. खान्देशचा माणूस पुण्याच्या लोकपालाकडे जातो. जळगाव, धुळे, नंदुरबारला ग्राहक आयोग आहेत, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथंच केस टाकता येते. सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे काही शेवटचा शब्द नाही असं सुप्रीम कोर्टानं २००९ मध्येच सांगितलंय. "फुल अँड फायनल"च्या व्हाउचरवर सही केली तरी जास्तीची भरपाई मागायचा हक्क जात नाही असं इर्डानं २०१५ च्या परिपत्रकात सांगितलंय. इर्डाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये तर सर्व्हे रिपोर्ट १५ दिवसात आणि त्यापुढं ७ दिवसात निर्णय असं लिहिलेलं आहे. कागदावर सगळं छान आहे हो. पण हे माहीत कोणाला? माझ्याकडे येणारा माणूस केळीचा नाहीतर कापसाचा शेतकरी, नाहीतर झेडपीचा मास्तर, त्याला आयडीव्ही हा शब्द पहिल्यांदा गाडी ठोकल्यावर कळतो. पॉलिसी इंग्रजीत, फोनवरचा माणूस घाईत, आणि वर बँकेचा हप्ता चालूच. गाडी लोनवर असली तर क्लेमचे पैसे आधी बँकेला जातात, कंपनीनं दोन महिने लावले तरी त्या दोन महिन्यांचं व्याज मालक भरतो. अशा वेळी "सव्वातीन घ्या, आठवड्यात खात्यावर" म्हटलं की माणूस घेतो. ज्याला बोलता येतं त्याला पूर्ण मिळतात, ज्याला येत नाही त्याला कमी मिळतात, गाडी तीच, पॉलिसी तीच, प्रीमियम तोच. मला राग याचा येतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मालकानं मागायची वाट न बघता कंपनीनं सर्व्हे रिपोर्ट, मंजूर केलेलं इस्टिमेट आणि सॅल्व्हेजच्या सगळ्या बोल्या, हे कागद संमतीपत्र मागायच्या आधी मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले पाहिजेत, मराठीत. आज रिपोर्ट मागितला तर द्यावा लागतो, पण मागायचा असतो हेच कोणी सांगत नाही. आणि बोली जर कंपनी वजा करणार असेल तर त्या भावानं गाडी उचलायची जबाबदारी पण कंपनीचीच, बोलीवाला पळाला तर ते कंपनीनं बघावं.

आरसीचं पण बोलतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. टोटल लॉसमध्ये मालकाकडून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतात, खरेदीदाराचं नाव रिकामं. गाडी जाते, पण आरसी मालकाच्याच नावावर राहते. पुढं त्या चेसिस नंबरवर कुठली चोरीची गाडी फिरली, कुठं ई-चलान फाटलं, नोटीस पारोळ्याला येते. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५५ नं गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसात आरटीओला कळवायचं असतं. हे काम कंपनीच्या गळ्यात बांधा, आणि कोऱ्या फॉर्मवर सही मागणं बंद करा.

२०२५ च्या बजेटमध्ये विम्यात परदेशी पैसा ७४ वरून १०० टक्के करायचं तुम्ही जाहीर केलं. येऊ द्या, कंपन्या वाढल्या तर आमची हरकत नाही. पण ऑनलाइन रिन्यूअलला ती आयडीव्हीची पट्टी असते ना, डावीकडे सरकवली की प्रीमियम कमी दिसतो, तिच्याखाली मोठ्या अक्षरात मराठीत एवढं तरी लिहायला लावा, "गाडी पूर्ण गेली तर तुम्हाला जास्तीत जास्त एवढेच रुपये मिळतील." शे-पाचशे वाचवायला लोकं पन्नास हजारानं आयडीव्ही खाली आणतात आणि एजंट पण गिऱ्हाईक टिकवायला तेच करतो.

त्या हॅचबॅकची फाइल अजून चालू आहे. इस्टिमेट, सर्व्हेअरनं लाल केलेली प्रत, बोलीचा कागद आणि भंगारवाल्याची चिठ्ठी, सगळ्याच्या झेरॉक्स मालकाचं नाव खोडून तुमच्या ऑफिसला स्पीड पोस्टनं पाठवतोय. बोलीचा कागद आधी बघा, त्यावर मुदतीची तारीख आहे, आणि कंपनीचं पत्र मालकाला त्या तारखेच्या नंतर मिळालंय.

आपला,
एक गॅरेजवाला, पारोळा, जि. जळगाव